हिराजीचा रेडिओ माझ्या घरात

आमच्या शेजारी हिराजी राहतो. त्याच्याकडे एक रेडिओ आहे. तो रेडिओ त्याने अकरा वर्षं माझ्या घरात ठेवला आणि स्वतःच्या घरात बसून ऐकला.

लिहिण्यात काही चुकलेलं नाही. रेडिओ माझ्या ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी. हिराजी भिंतीपलीकडे, त्याच्या खाटेवर. वीज माझी, बटण फिरवणार माझी बायको, आणि गाणं ऐकणार तो.

पहिल्या दिवशी तो रेडिओ टॉवेलात गुंडाळून घेऊन आला, तान्हं पोर आणावं तसा.

"वसंता, हा तुझ्याकडे ठेव."

"बिघडलाय?"

"नय."

"मग विकतोस काय?"

"नय रं. तुमच्या ओट्यावर ठेवा. सांजचे साडेसहाला लावा. मी आयकीन."

"कुठे बसून?"

"माझ्या घरी."

मी सुमनला म्हटलं, दार लाव, मेला पिऊन आलाय. सुमन माझी बायको. तिने दार लावलं नाही. तिने हात पुसले आणि विचारलं, "भावजी, भिंतीला टेकून ठेवू की थोडा पुढे?"

हिराजीने विचार केला. खरंच विचार केला, डोळे मिटून. मग म्हणाला, "चार बोटं सोडा."

झालं. ठरलं. माझं कोण विचारतो.

आम्ही दिंडोशीला वसाहतीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, तिच्यातच ओटा, तिच्यातच मोरी. मी कोकणातला, गिरणीत होतो, गिरणी गेली तेव्हा वॉचमन झालो. हिराजी मनोरीचा कोळी. भावाकडे होडी आहे. याने दूध डेअरीत टाक्या धुतल्या, रिटायर होईपर्यंत. लग्न केलं नाही. का नाही केलं ते मी विचारलं होतं, तर म्हणाला, "र्‍हायलं." उंच, सुका, वाळत घातलेल्या बोंबलासारखा माणूस. तुमच्याशी बोलताना समोर उभा राहणार नाही. आडवा उभा राहणार, एक कान तुमच्याकडे करून. नवीन माणसाला वाटतं हा रागावला. रागावत नाही, ऐकतो.

त्याचं एकच म्हणणं. "मधी कायतरी पायजे." गाण्याच्या आणि कानाच्या मध्ये काहीतरी पाहिजे. भिंत म्हणा, दार म्हणा, झाड म्हणा. पाणी असेल तर सगळ्यात चांगलं.

लग्नाला बोलावलं तर येतो, पण हॉलात येत नाही. मागच्या बाजूला आचारी बसतात तिथे जाऊन उभा. आमच्या भाचीच्या लग्नात वाढप्यांच्या मुकादमाने त्याच्या हातात जिलेबीचं ताट दिलं आणि म्हणाला, टाइमपास नको, पळ. हा गेला वाढायला. तीन पंगती वाढून आला. मला म्हणाला, "सनई काय लागली रं. तुम्ही पुढं बसून वाया घालवली."

एकदा आमच्या मंडळाने गोरेगावच्या एका हॉलात गाण्याचा कार्यक्रम ठेवला. मोठा गवई. म्हाताऱ्यांना पहिली रांग. अर्ध्या तासात हिराजी गायब. मी आणि सुमन शोधत खाली गेलो, तर हा गाड्या लावतात तिथे, ड्रायव्हर लोकांबरोबर, पायरीवर डोळे मिटून.

"अरे, वर चल. एवढा मोठा माणूस गातोय."

"म्हनून तर खाली आलो. त्याच्या गल्याची शीर दिसत होती. शीर बघू का गानं आयकू?"

"इथे काय ऐकू येतं तुला?"

"दोन दरवाजे आनि एक जिना. झकास लागलाय."

त्याच्या पुतणीने त्याला वाढदिवसाला मोबाईल दिला आणि कानात घालायच्या त्या वायरी दिल्या. त्याने घातल्या आणि लगेच काढल्या. म्हणाला, डोक्यात माणूस शिरला. मग काय केलं, तर त्या वायरी स्टीलच्या पेल्यात टाकल्या, पेला कपाटात ठेवला, कपाटाचं दार लावलं आणि समोर खुर्ची घेऊन बसला. पुतणी दारात येऊन बघते तर काका बंद कपाटासमोर मान हलवतोय. ती रडतच आमच्याकडे आली, काकी, काकांना काहीतरी झालं. सुमन हसून हसून ओट्याला धरून उभी.

मला आधी हे सगळं येडेपणा वाटायचं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. गाणं म्हणजे आमचं भजन. डबलबारी असेल तर उत्तम. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकमेकांना गाण्यातून शालजोडीतले देतात, मृदंग फुटेस्तोवर वाजतो, सगळा गाव अंगावर घेऊन ऐकतो. त्यात मध्ये काहीतरी कसलं पाहिजे? मी हिराजीला तेच म्हटलं. तो म्हणाला, "तू मनोरीला चल. मंग बोल."

एका संध्याकाळी तो आम्हा दोघांना मार्वेच्या धक्क्यावर घेऊन गेला. पलीकडे मनोरी. फेरीबोट समोरून निघत होती, तो म्हणाला, चढायचं नाय अजून, बसा. बसलो. पाणी चढत होतं पण हलत नव्हतं, तेल ओतल्यासारखं. पलीकडे माडांच्या खाली दिवे लागले, एकेक. मग वारा आला आणि वाऱ्याबरोबर बँड. कुणाची तरी हळद असणार. एक ओळ आली आणि तुटली. वारा पडला. परत आला तेव्हा गाणं पुढे गेलं होतं.

मी म्हटलं, "नीट ऐकू येत नाही."

"नीट नयच यायला पायजे," हिराजी म्हणाला. मग तो कधी नाही तो जास्त बोलला. "बापाची होडी हिकडं खाडीच्या तोंडाला उभी असायची, भरतीसाठी. बाप झोपायचा. मी बारका, जागा र्‍हायचो. गावात हलदी लागलेल्या, आमी पान्यावर. गानं यायचं आनि मधीच तुटायचं. तुटलं का म्होरचं मी मनात लावायचो. वारा फिरला का परत यायचं. तवा बघायचो, माझं आनि त्यांचं एका जागी आलं का नय."

"यायचं?" सुमनने विचारलं.

"कदी कदी यायचं, वैनी. तवा असं वाटायचं का गावाने मना हाक मारली."

मग आम्ही फेरीने पलीकडे गेलो आणि त्या हळदीत गेलो. अगदी बँडच्या समोर नेऊन उभं केलं त्याने. ट्रंपेटवाला खोकत होता. ढोलवाल्याची आणि त्याची चुकामूक. नवऱ्याचा काका घाम पुसत ओरडत होता, जोरात वाजवा रे. हिराजी माझ्याकडे आडवा होऊन म्हणाला, "बघ. जवल आला का वाट लागली."

परत येताना बोटीत सुमन म्हणाली, "भावजींचं खरं आहे. तुम्ही रात्रपाळीला असायचात ना, तेव्हा मला फार आवडायचात."

नावाडी पण हसला. मी हसलो नाही.

तर रेडिओ. संध्याकाळी साडेसहाला सुमन लाटणं घेऊन भिंतीवर दोनदा वाजवायची. म्हणजे लावला. पलीकडून बोटाने एकदा टक यायचं. म्हणजे ठीक. मग दीड तास चालायचं. आधी दोनचार साधी गाणी, मग अर्धा तास शास्त्रीय, बहुतेक तोच एक गवई, मग बातम्या. मी खाटेवर. ती ओट्याशी.

ते शास्त्रीय सुरू झालं की मी म्हणायचो, हा माणूस गुळण्या का करतोय? याचा दात दुखतोय काय? बंद कर गो. ती बंद करायची नाही. मी म्हणायचो, निदान आवाज कमी कर गो. तर ती बटणाला हात लावायची आणि आवाज एक चिमूट वाढायचा. कमी नाही, वाढायचा. अकरा वर्षं रोज मी सांगायचो कमी कर, आणि अकरा वर्षं रोज तो एक चिमूट वाढायचा. तिच्या तोंडावर काही नाही. भाकरी थापत राहायची.

पण एक गोष्ट झाली. कधी झाली ते कळलं नाही. एका संध्याकाळी त्या गुळणीवाल्याच्या जागी दुसराच कुणी लावला, आणि मी चिडलो. म्हटलं आपला कुठे गेला? सुमन वळून बघायला लागली. "आपला?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने हे हिराजीला सांगितलं आणि दोघे जिन्यात उभे राहून माझ्यावर हसले. मी म्हटलं सवय झाली, दुसरं काय. बिडीची पण होते. हिराजी म्हणाला, "नय रं वसंता. तुला कुनी आयकायला बसवला असता तर तू पलाला असतास. तू पडला होतास, त्याच्याकडं पाठ करून. म्हनून तो तुझ्यात शिरला."

मागच्या साली पावसाळा संपता संपता सुमन गेली. पाच दिवस दवाखान्यात होती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले, मुलगी तिच्या घरी गेली. त्या संध्याकाळी मी अंधारात बसलो होतो. साडेसहाला भिंतीवर पलीकडून टक झालं. एकदा.

माझं डोकं फिरलं. माझी बायको गेली आणि याला गाणं पाहिजे. मी वायर ओढली, रेडिओ उचलला आणि त्याच्या दारात नेऊन ठेवला.

"घे तुझं. माझ्या घरात यापुढे गाणं वाजणार नाही."

तो आडवा उभा होता, नेहमीसारखा. "बरं," म्हणाला. एवढंच. रेडिओ आत घेतला.

मग त्याची शोधाशोध सुरू झाली. आधी रेडिओ खाली वॉचमनच्या केबिनीत ठेवला आणि स्वतः जिन्यात बसला. वॉचमनने दुसऱ्या मिनिटाला क्रिकेट लावलं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या परबबाईंकडे ठेवला. बाईंनी एवढ्या मोठ्याने लावला की मध्ये तीन भिंती पण पुरल्या नाहीत. मग जिन्यात मीटरच्या पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सोसायटीचा बोर्ड लागला, जिन्यात बेवारस रेडिओ सापडला आहे, कोणाचा असल्यास ओळख पटवून घेऊन जावा. हा गेला ओळख पटवायला. सेक्रेटरीने विचारलं, रेडिओ मीटरच्या पेटीत काय करत होता? हा म्हणाला, वाजत होता.

दर वेळी तो रेडिओ काखेत मारून जिना चढताना मला दिसायचा, घर सोडून गेलेलं मांजर परत आणल्यासारखा. माझ्याशी बोलायचा नाही. पण रविवारी माझ्या कडीला पिशवी अडकवलेली असायची. मनोरीचे बोंबील, साफ करून. मी ते करपवून खायचो.

शेवटी रेडिओ वाजायचा बंद झाला. मला पाहिजे होतं ते मिळालं. शांतता. चांगली दाट शांतता. आणि रोज साडेसहाला मी खाटेच्या कडेला उठून बसलेला असायचो, पाय खाली सोडून, कशासाठी ते माहीत नाही.

मग एक दिवस मला सुमनची हाक आठवेना. ती मला कशी हाक मारायची ते. शब्द आठवला, आवाज आला नाही. मी घाबरलो. तोंड आहे, फोटोत आहे, भिंतीवर हार घालून आहे. आवाज कुठेच नाही. आम्ही कधी भरून ठेवला नाही. कोण भरून ठेवतो, बायको समोर असताना? तोंड राहिलं आणि आवाज चाललाय, रोज थोडा थोडा, हे मला कळायला लागलं. आणि कुणाला सांगायचं? मुलीला सांगितलं असतं तर ती डॉक्टरकडे घेऊन गेली असती.

त्याच आठवड्यात मी केस कापायला गेलो. खुर्चीत बसलो आणि दुकानदाराच्या मोबाईलवर तो लागला. गुळणीवाला. तेच गाणं, ओळखलं मी. अंगावर पांढरं फडकं, मान खाली, आणि मी ऐकतोय. पण काहीतरी चुकत होतं. तो वर जायचा तिथे खालून कुणीतरी येतं, थप थप थप, ते आलंच नाही. तो थांबतो तिथे ठण होतं, ते झालं नाही. गाणं नुसतंच उघडं. अर्धं. मी दुकानदाराला म्हटलं, यात काहीतरी गाळलंय. तो म्हणाला, आजोबा, पूर्ण आहे, मान हलवू नका.

रस्त्यात येताना मला कळलं. थप थप म्हणजे भाकरी थापायचा आवाज. ठण म्हणजे डाव ठेवल्याचा.

मी सरळ हिराजीच्या दारात. अर्धवट बोललो, शिव्या घालून बोललो, कसंतरी सांगितलं. गाणं अर्धं वाजलं म्हणून सांगितलं. तिचा आवाज जातोय म्हणून पण सांगितलं.

त्याने आडवं उभं राहून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "तुला काय वाटलं, मी रेडिओ आयकत होतो?"

"मग काय?"

"रेडिओ माझ्या घरी पन वाजला असता." तो खाटेच्या टोकाला बसला. "पयल्या गान्याला वैनी नारल खवायची. दुसऱ्याला पानी सोडायची. मंग तू बोलायचास, गुलन्या का करतो. मंग भाकरी. आदी हलू थापायची, मंग जोरात, सेवटी परत हलू. तीन भाकऱ्या. बुधवारी चार. चौथी माझी. मना पलीकडं बसून कलायचं, आज भाकरी येनार. होडीत बसून गाव आयकायचो, तसं." मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी टक केलं ना, ते गान्यासाठी नव्हतं. तू हायस का ते बघत होतो."

मी म्हटलं, "मेल्या, मग सांगायचं."

"मधी भिंत होती," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो रेडिओ टॉवेलात गुंडाळून आला, पहिल्या दिवसासारखाच. हातात एक पिशवी. माझी किल्ली मागितली आणि स्वतःची माझ्या हातात दिली.

"तू तिकडं बस. माझे खाटेवर. डोकं भिंतीला लाव. मी सांगितल्याबिगर यायचं नाय."

"काय करणार आहेस तू?"

"जा रं."

गेलो. त्याच्या घरात मी आत असा कधी बसलो नव्हतो. एक खाट, एक खुर्ची, कपाट, पेला. आणि खाटेशेजारच्या भिंतीवर एक तेलकट डाग, डोक्याएवढा. अकरा वर्षं एकाच जागी डोकं टेकून पडलेला. मी माझं डोकं तिथेच टेकलं. बाहेर उजेड अजून थोडा होता, डोंगराच्या बाजूने पिवळा येत होता.

भिंतीवर दोनदा वाजलं. लाटणं.

मग रेडिओ. भिंतीतून तो वेगळाच लागतो. जाड, ओला, खालून येतो. एक साधं गाणं झालं. आणि खर खर खर. खवणी. मध्ये थांबून, वाटी फिरवून परत. सुमन अशीच थांबायची. पाणी सुटलं, भांड्यात पडलं, आवाज चढत गेला आणि बंद झाला, बरोबर तिथेच. मी डोळे मिटले. पलीकडे माझं घर चालू होतं. मी अलीकडे होतो, होडीत बसल्यासारखा, आणि गाव तिकडे होतं. गाणं तुटायचं, मी लावायचो, परत यायचं आणि जुळलेलं असायचं.

गुळणीवाला सुरू झाला. आणि भाकरी. आधी हळू. मग जोरात. मग परत हळू. बांगड्या तेवढ्या नव्हत्या. त्या माझ्या मी लावल्या.

या माणसाने आयुष्यात कधी भाकरी थापली नव्हती. नंतर मी जाऊन बघितलं तर ओट्यावर, जमिनीवर, रेडिओवर, त्याच्या भुवयांवर पीठच पीठ, आणि परातीत भाकरीचे चार तुकडे, नकाशासारखे. महिनाभर तो घरात गुपचूप शिकत होता म्हणे, तांदळाच्या पिठाच्या तीन पिशव्या घालवल्या. म्हणजे मी त्याच्याकडे जायच्या आधीपासून. पण ते नंतर. तेव्हा मला ते काही माहीत नव्हतं. तेव्हा मी भिंतीला डोकं लावून पडलो होतो आणि तो गवई वर वर चालला होता, आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, नेहमीच्याच आवाजात:

"आवाज कमी कर गो."

पलीकडे थापणं थांबलं. मग रेडिओचा आवाज एक चिमूट वाढला.